जिवाणूच्या विषापासून जिवाणूनाशक पेप्टाइड कसे घडवावे: डेल्टा-विषाच्या आधाराने एक मार्गदर्शन

जिवाणूंना मारणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रयोगशाळेत तुलनेने लवकर हाती येते. पण तेच पेप्टाइड माणसाच्या तांबड्या रक्तपेशीही फोडत असेल, तर औषध होण्याच्या वाटेवर ते एक पाऊलही पुढे जात नाही. जिवाणूंच्या विषांपासून सुरुवात करणाऱ्याला ही अडचण पहिल्या दिवसापासून भेटते, कारण यांतली अनेक विषे मुळात पेशीपटल फोडण्यासाठीच घडलेली असतात आणि ते पटल कोणाचे आहे याचा विवेक त्यांच्यात फारसा नसतो. म्हणून या मार्गदर्शनात आराखड्याची प्रत्येक पायरी निवडकपणाच्या, म्हणजे जिवाणूंना मारून माणसाच्या पेशींना सोडण्याच्या, कसोटीवर घासून पाहिली आहे. पदव्युत्तर वर्गात किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षात असलेल्या, जैवरसायनाची मूलतत्त्वे माहीत असलेल्या वाचकासाठी हे लिहिले आहे.

उदाहरण म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे डेल्टा-विष घेऊ. ते अवघ्या २६ अमिनो आम्लांचे आहे, त्याची रचना उत्तम अभ्यासली गेली आहे, आणि त्यावर हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, १९९० च्या दशकात झालेले काम आजही या विषयातला उत्तम धडा आहे. तिथे ढोपले आणि नागराज यांनी १९९३ मध्ये दाखवले, की मधमाशीच्या विषातले मेलिटिन रक्तपेशी आणि जिवाणू दोन्ही मारते, पण तेवढ्याच लांबीचे डेल्टा-विष रक्तपेशी फोडते आणि जिवाणूंवर मात्र परिणाम करत नाही. दोन्ही २६ अवशेषांची (साखळीत जोडलेल्या प्रत्येक अमिनो आम्लाला अवशेष म्हणतात), दोन्ही सर्पिल होणारी, दोन्ही पटलावर बसणारी. मग फरक कुठे आहे, हे शोधले की आराखड्याची किल्ली सापडते.

विषाची निवड

जिवाणूंची सगळी विषे या कामाला योग्य नसतात. धनुर्वात किंवा बोट्युलिझम घडवणारी मोठी प्रथिने इथे विचारातच घेऊ नयेत. ती विकरे (एन्झाइम) असून माणसाच्या चेतापेशींवर नेमका हल्ला करतात, त्यांच्यापासून जिवाणूनाशक मिळण्याची आशा नाही आणि त्यांना हात लावण्याचे कारणही नाही. उपयोगाची विषे साधारण दोन घरांतली असतात.

पहिल्या घरात पटलावर काम करणारी छोटी पेप्टाइडे येतात. डेल्टा-विष आणि त्याच्या कुळातली फिनॉलविद्राव्य मॉड्युलिने ही जिवाणू बाहेर सोडतो. याखेरीज विष-प्रतिविष जोड्यांतली (विष आणि त्याला दाबून ठेवणारा रेणू अशा जोड्यांतली) काही विषे जिवाणूच्या आतच तयार होऊन त्याच्याच पटलाला छिद्रे पाडतात. आर१ या प्लास्मिडवरचे हॉक हे ५२ अवशेषांचे विष आणि इ. कोलायमधले टिसबी हे २९ अवशेषांचे विष ही त्याची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या घरात पेशीच्या आत जाऊन एखाद्या विकराला अडवणारी विषे येतात. सीसीडीबी हे विष डीएनए-गायरेज या विकराला जखडते. या दुसऱ्या प्रकारापासून लहान तुकडे काढून विकर अडवणारी पेप्टाइडे बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण तिथे एक मोठी अडचण असते: परीक्षानळीत विकर अडवणारा तुकडा जिवंत जिवाणूच्या आत शिरतोच असे नाही. नवख्याने पहिल्या घरापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे लक्ष्य पेशीच्या बाहेरूनच गाठता येते, आणि आराखडा चुकला तर तो कुठे चुकला हे मोजून सांगता येते.

अनुक्रम कागदावर वाचणे

संगणकाकडे वळण्यापूर्वी अनुक्रम हाताने लिहून काढावा. डेल्टा-विषाचा अनुक्रम असा आहे: मेथिओनिन, ॲलॅनिन, ग्लुटामिन, ॲस्पार्टिक आम्ल, आयसोल्यूसीन, आयसोल्यूसीन, सेरीन, थ्रिओनिन, आयसोल्यूसीन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ल्यूसीन, व्हॅलिन, लायसिन, ट्रिप्टोफॅन, आयसोल्यूसीन, आयसोल्यूसीन, ॲस्पार्टिक आम्ल, थ्रिओनिन, व्हॅलिन, ॲस्परॅजिन, लायसिन, फेनिलॲलॅनिन, थ्रिओनिन, लायसिन, लायसिन. पहिल्या मेथिओनिनवर फॉर्मिल गट असतो, त्यामुळे त्या टोकाला धनभार नसतो.

आता भार मोजावा. ॲस्पार्टिक आम्ल ४, ११ आणि १८ या स्थानांवर आहे, म्हणजे तीन ऋणभार. लायसिन १४, २२, २५ आणि २६ या स्थानांवर आहे, म्हणजे चार धनभार. कार्बॉक्सिल टोकाचा आणखी एक ऋणभार धरला की बेरीज शून्य येते. मेलिटिनवर मात्र भरपूर धनभार असतो. जिवाणूच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन ही ऋणभारित मेदे असतात. त्याच्या बाहेर ग्रॅम-धन जिवाणूंत टायकोइक आम्ले आणि ग्रॅम-ऋण जिवाणूंत लिपोपॉलिसॅकराइडे असतात, तीही ऋणभारितच. उलट माणसाच्या तांबड्या पेशीच्या बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन ही एकंदरीत भाररहित मेदे असतात, जोडीला कोलेस्टेरॉल असते. भार शून्य असलेल्या पेप्टाइडला जिवाणूकडे खेचून नेणारे काहीच उरत नाही. जलविरोधी बाजू तेवढी उरते, आणि ती भाररहित पटलातही तितक्याच सहजपणे घुसते. डेल्टा-विष रक्तपेशी फोडते आणि जिवाणूंना सोडते, याचे मुख्य कारण हे आहे.

यानंतर सर्पिलचक्र काढावे. अल्फा-सर्पिलाच्या एका वेढ्यात ३.६ अवशेष असतात, म्हणजे प्रत्येक अवशेष आधीच्या अवशेषापासून १०० अंशांनी पुढे सरकतो. पहिला अवशेष शून्य अंशावर ठेवून एक वर्तुळ काढावे आणि पुढचे सगळे अवशेष त्याच्यावर मांडावेत. ३६० च्या वर गेले की ३६० वजा करावेत, एवढेच गणित आहे. हे काम संगणक क्षणात करतो, तरी पहिल्यांदा कागदावर करण्याचा आग्रह मी धरतो, कारण ते करताना रेणूची ओळख होते.

डेल्टा-विषाचे चक्र काढल्यावर दिसणारे चित्र फार बोलके आहे. आयसोल्यूसीन, ल्यूसीन, व्हॅलिन आणि फेनिलॲलॅनिन हे जलविरोधी अवशेष २० अंशांपासून १६० अंशांपर्यंत एका सलग पट्ट्यात येतात. तीनही ॲस्पार्टिक आम्ले ३००, २८० आणि २६० अंशांवर, म्हणजे अगदी एकाखाली एक, विरुद्ध बाजूला बसतात. ती अनुक्रमात एकमेकांपासून सात-सात स्थानांवर असल्यामुळे सर्पिलाच्या जवळजवळ दोन पूर्ण वेढ्यांनंतर पुन्हा त्याच बाजूला येतात. लायसिनेही त्याच जलस्नेही बाजूला आहेत. ट्रिप्टोफॅन मात्र ३२० अंशांवर, जलविरोधी पट्ट्याच्या बाहेर, जलस्नेही सोबत्यांत एकटा पडतो. म्हणजे दोन बाजू असलेला सर्पिल निसर्गाने तयार करून ठेवलाच आहे. त्याच्या पाणी मानणाऱ्या बाजूचा भार तेवढा बदलायचा आहे.

तुकडा किती लांब असावा

पूर्ण विष वापरण्याऐवजी त्यातला कामाचा तुकडा घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. लांबी घटली की बनवण्याचा खर्च घटतो, चुकीचा अनुक्रम तयार होण्याचा संभव घटतो, आणि अनेकदा रक्तपेशींवरचा परिणामही घटतो. सर्पिलात प्रत्येक अवशेष अक्षाच्या दिशेने १.५ अँगस्ट्रॉम पुढे जातो. पटलाचा जलविरोधी गाभा साधारण ३० अँगस्ट्रॉम जाडीचा असतो, म्हणून त्याला आरपार ओलांडायला सुमारे २० अवशेष लागतात. १६ अवशेषांचा सर्पिल २४ अँगस्ट्रॉम भरतो. तो आरपार छिद्र धरून उभा राहण्यापेक्षा पटलाच्या पृष्ठभागावर आडवा पडून त्याला विस्कळीत करण्याची शक्यता अधिक. ऋणभारित पटलावर जास्त संख्येने जमा होऊन असे काम करणारे पेप्टाइड निवडक होण्याची संधी मोठी असते, कारण तिथे आधी जमा व्हावे लागते आणि जमा होणे भारावर अवलंबून असते.

डेल्टा-विषाच्या पाचव्या आयसोल्यूसीनपासून विसाव्या व्हॅलिनपर्यंतचा १६ अवशेषांचा भाग यासाठी घेऊन पाहू. त्यात दोन ॲस्पार्टिक आम्ले आणि एक लायसिन आहे. अमिनो टोक मोकळे ठेवले आणि कार्बॉक्सिल टोकाचे अमाइड केले तर भाराची बेरीज पुन्हा शून्यच येते. सोळापैकी नऊ अवशेष जलविरोधी आहेत. हैदराबादच्या त्याच गटाने १९९५ मध्ये डेल्टा-विषाच्या सर्पिल भागाच्या १६ अवशेषांच्या निष्क्रिय पेप्टाइडवर काम केले आणि अगदी थोडे बदल करून त्यापासून प्रभावी जिवाणूनाशक अनुरूपे, म्हणजे थोडी बदललेली रूपे, मिळवली. मात्र ती अनुरूपे रक्तपेशीही फोडत होती. या निष्कर्षाकडे अपयश म्हणून पाहू नये. निष्क्रिय तुकड्याला सक्रिय करता येते हे त्यातून सिद्ध झाले. सक्रियतेबरोबर विषारीपणाही परत येतो हेही सिद्ध झाले. पुढचा सगळा आराखडा या दुसऱ्या भागासाठी करायचा आहे.

बदल कोणते आणि कोणत्या क्रमाने

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम इथे कसोशीने पाळावा. भार, जलविरोधिता, सर्पिलता आणि लांबी हे चार गुण एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की दोन बदल एकत्र केले तर कोणत्या बदलाने काय घडवले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

पहिला बदल भाराचा. अकराव्या स्थानावरच्या (स्थाने पूर्ण विषातलीच धरली आहेत) ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी लायसिन घातले की भार दोनने वाढतो: एक ऋणभार जातो, एक धनभार येतो. अठराव्या जागीही तसेच केले की एकूण भार अधिक चार होतो. ही दोन नवी लायसिने २८० आणि २६० अंशांवर येतात आणि मूळचे लायसिन २२० अंशांवर असतेच, म्हणजे ६० अंशांच्या आत तीन धनभार एकवटतात. निसर्गातल्या अनेक जिवाणूनाशक पेप्टाइडांचा भार अधिक दोन ते अधिक नऊ या पट्ट्यात असतो. त्यामुळे चार हा चांगला आरंभबिंदू आहे. भार त्याहून बराच वाढवला तर एका टप्प्यानंतर फायदा थांबतो आणि रक्तपेशींवरचा परिणाम पुन्हा वाढू लागतो. लायसिनऐवजी अर्जिनिन घातले तर बहुधा पटलाशी पकड घट्ट होते, पण विषारीपणाही वाढू शकतो. म्हणून पहिल्या फेरीत लायसिनच वापरावे. मधली पायरी तपासायची असेल तर ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ॲस्परॅजिन घालून एक पेप्टाइड बनवावे. त्यात ऋणभार जातो पण धनभार येत नाही, म्हणून परिणाम ऋणभार गेल्याचा आहे की धनभार आल्याचा, हे त्यावरून वेगळे काढता येते. अशी नियंत्रण पेप्टाइडे बनवण्यात पैसे वाया गेले असे पुष्कळांना वाटते. मला मात्र त्यांच्याशिवाय लिहिलेला निष्कर्ष अपुरा वाटतो.

दुसरा बदल जलविरोधी बाजूचा, आणि निवडकपणा मुख्यतः इथेच कमावला जातो. पटलाच्या भाररहित मेदांत घुसण्याचे बळ सलग जलविरोधी पट्ट्यातून येते; तो पट्टा मधोमध थोडा तोडला तर कोलेस्टेरॉल असलेल्या पटलात घुसणे कठीण होते, आणि जिवाणूच्या ऋणभारित पटलाकडे मात्र भाराच्या ओढीने रेणू जातच राहतो. याचे फार सुंदर उदाहरण कोलोरॅडो विद्यापीठातल्या हॉजेस यांच्या गटाने २००५ मध्ये दिले. व्ही६८१ या २६ अवशेषांच्या पेप्टाइडच्या जलविरोधी बाजूच्या मध्यावर असलेल्या तेराव्या व्हॅलिनच्या जागी त्यांनी लायसिन घातले. रक्तपेशी फोडणारी मात्रा आणि जिवाणूंना रोखणारी मात्रा यांचे गुणोत्तर ग्रॅम-ऋण जिवाणूंसाठी ९० पट आणि ग्रॅम-धन जिवाणूंसाठी २३ पट सुधारले. एका अवशेषाने एवढा फरक पडतो. आपल्या तुकड्यात जलविरोधी पट्टा २० ते १६० अंशांचा आहे, म्हणजे त्याचा मध्य ९० अंशांवर येतो. नववे आयसोल्यूसीन ८० अंशांवर आहे, विसावे व्हॅलिन १०० अंशांवर आहे. व्हॅलिन टोकाला असल्यामुळे त्याचा प्रभाव कमी पडेल. म्हणून नवव्या जागी एकदा लायसिन आणि एकदा ॲलॅनिन अशी दोन पेप्टाइडे आराखड्यात घ्यावीत. या बदलाने जिवाणूनाशक गुणही गेला, तर पट्टा फार तुटला असे समजून तेराव्या किंवा सोळाव्या जागेकडे वळावे.

ट्रिप्टोफॅनबद्दल थोडे सावध राहावे. तो पटल आणि पाणी यांच्या सीमेवर बसायला उत्सुक असतो आणि बऱ्याच जिवाणूनाशक पेप्टाइडांत उपयोगी पडतो. शिवाय त्याच्या प्रकाशशोषणामुळे पेप्टाइडची संहती अचूक मोजता येते आणि त्याच्या प्रस्फुरणावरून रेणू पटलात शिरला की नाही हे कळते. म्हणून पहिल्या फेरीत तो काढू नये.

दहावे ग्लायसिन सर्पिलाला थोडे सैल करते. तिथे ॲलॅनिन घातले तर सर्पिल घट्ट होईल, आणि फार घट्ट सर्पिल बहुधा रक्तपेशींना अधिक घातक ठरतो. हा बदल मोहक वाटतो, पण तो करू नये असेच मी सुचवीन. प्रोलिनने सर्पिल मोडतो, त्याचाही वापर अगदी शेवटच्या टप्प्यासाठी राखावा.

तिसरा बदल टिकाऊपणाचा. माणसाच्या रक्तद्रवात आणि जिवाणूंच्या स्रावात पेप्टाइड तोडणारी विकरे असतात. ट्रिप्सिन तर लायसिन आणि अर्जिनिनच्या पुढेच कापते, म्हणजे आपण मुद्दाम घातलेले धनभार हीच त्याची खूण ठरते. यावर चार उपाय रूढ आहेत: कार्बॉक्सिल टोकाचे अमाइड करणे, लायसिनऐवजी ऑर्निथिनसारखे प्रथिनांत न आढळणारे अवशेष घालणे, संपूर्ण पेप्टाइड उजव्या-डाव्या आरशातल्या रूपात म्हणजे डी-अमिनो आम्लांनी बनवणे, किंवा त्याची साखळी वर्तुळाकार जोडणे. डी-रूपाचा एक आणखी उपयोग आहे. मूळ रूप आणि डी-रूप सारखेच प्रभावी निघाले तर पेप्टाइड एखाद्या प्रथिनाला ओळखून नव्हे, तर पटलावरच काम करते याला बळकट आधार मिळतो.

संगणकाची मदत आणि तिची मर्यादा

जिवाणूनाशक पेप्टाइडांचे दोन मोठे संग्रह भारतीय वाचकाला जवळचे आहेत. मुंबईत परळला असलेल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत कॅम्प हा संग्रह तयार झाला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात अनुक्रमावरून जिवाणूनाशक गुणाचा अंदाज देणारी साधनेही आहेत. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा एपीडी हा संग्रह जुना आणि काळजीपूर्वक जपलेला आहे. रक्तपेशींवरच्या परिणामाचा अंदाज घेण्यासाठी राघवा यांच्या गटाने बनवलेले हेमोपीआय वापरता येते. सर्पिलचक्र आणि जलविरोधी आघूर्ण काढण्यासाठी हेलिक्वेस्ट सोयीचे आहे. हे आघूर्ण म्हणजे जलविरोधी अवशेष एका बाजूला किती एकवटले आहेत याचे माप होय.

या साधनांनी दिलेल्या अंकाला निकाल समजू नये. ती ज्या अनुक्रमांवर शिकली त्यांच्याशी साम्य असलेल्या अनुक्रमांबद्दल ती बरे बोलतात. विषापासून निघालेला आणि एखाद्या अवशेषाने बदललेला तुकडा त्यांना अनेकदा गोंधळात टाकतो, कारण एका अवशेषाचा सूक्ष्म फरक त्यांच्या मापात उतरत नाही. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग छाटणीसाठी आहे: कागदावर ३० अनुक्रम सुचले असतील तर त्यांतले सहा ते आठ बनवण्यासाठी निवडायला ती पुरेशी आहेत. निवडलेल्या अनुक्रमांत मूळ तुकडा, ॲस्परॅजिनचे नियंत्रण आणि तेच अवशेष उलटसुलट क्रमाने मांडलेले एक विस्कळीत नियंत्रण ही तीन हवीतच.

बनवणे आणि शुद्धता

मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेली घनाधार पद्धत आजही हेच काम करते; या कार्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. बहुतेक प्रयोगशाळा एफमॉक (अमिनो टोक तात्पुरते झाकणारा गट) रसायन वापरतात किंवा बाहेरून पेप्टाइड मागवतात. मागवताना आपल्या अनुक्रमातल्या अवघड जागा पुरवठादाराला आधीच सांगाव्यात. आयसोल्यूसीन सलग दोनदा येते अशा दोन जागा इथे आहेत. शाखायुक्त अवशेष एकमेकांना नीट जोडले जात नाहीत आणि एक आयसोल्यूसीन कमी असलेली अशुद्ध साखळी तयार होते. त्या जागी जोडणी दोनदा करून घ्यावी. संपूर्ण विष बनवायचे असेल तर मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण होते हे ध्यानात ठेवून त्याऐवजी नॉरल्यूसीन घालता येते.

शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर हवी आणि वस्तुमान वर्णपटाने खात्री करून घ्यावी. याशिवाय नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ट्रायफ्लोरोॲसेटिक आम्ल. शुद्धीकरणातून ते पेप्टाइडच्या धनभारांना चिकटून येते, वजन वाढवते आणि पेशींना स्वतःच त्रास देते. ते ॲसिटेट किंवा हायड्रोक्लोराइडने बदलून घ्यावे, आणि पेप्टाइडची संहती तराजूवरून न ठरवता ट्रिप्टोफॅनच्या २८० नॅनोमीटरवरील शोषणावरून ठरवावी.

एकाच दिवशी दोन मोजमापे

जिवाणूंवरचा परिणाम आणि रक्तपेशींवरचा परिणाम एकाच साठ्यातून, शक्यतो एकाच दिवशी मोजावा. आधी जिवाणूंवर पाहू, चांगले निघाले तर रक्त मागवू, हा क्रम टाळावा. त्यात महिना जातो आणि मन त्या रेणूत अडकते.

न्यूनतम रोधक संहती, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी संहती, ठरवण्यासाठी द्रव माध्यमात दुपटीची सौम्यीकरणे करतात. ९६ खळग्यांच्या तबकडीत बारा स्तंभ असतात: १२८ पासून ०.२५ मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटरपर्यंत दहा पायऱ्या, एक स्तंभ पेप्टाइडविना वाढीसाठी आणि एक स्तंभ निर्जंतुक माध्यमासाठी. माध्यम कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण जुळवलेले म्युलर-हिंटन असावे, जिवाणू प्रतिमिलिलिटर ५ लाख असावेत, आणि १६ ते २० तास उबवल्यावर वाचन घ्यावे. तबकडी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. नेहमीच्या पॉलिस्टायरीनला धनभारित पेप्टाइडे चिकटतात आणि पेप्टाइड निष्प्रभ आहे असा खोटा निष्कर्ष निघतो. प्रमाणित वाण म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ आणि इ. कोलाय एटीसीसी २५९२२ घ्यावेत. हे काम जैवसुरक्षा स्तर २ वर, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या मान्यतेनेच करावे. अनुरूपांची तुलना करताना मायक्रोमोलमध्ये बोलावे. १६ अवशेषांच्या पेप्टाइडचे वजन ढोबळमानाने १,७६० डाल्टन धरले तर प्रतिमिलिलिटर ८ मायक्रोग्रॅम म्हणजे प्रतिलिटर सुमारे ४.५ मायक्रोमोल.

रक्तपेशींसाठी संमतीने व नैतिक समितीच्या परवानगीने घेतलेले ताजे रक्त फॉस्फेट द्रावणाने धुवून घ्यावे, पेप्टाइडबरोबर ३७ अंश सेल्सिअसला एक तास ठेवावे आणि वर आलेल्या द्रवाचे ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजावे. नुसत्या द्रावणाला शून्य टक्के आणि सगळ्या पेशी फोडणाऱ्या ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रव्याला शंभर टक्के धरावे. या मापात लबाडीला एक वाट असते, ती बंद करावी: सर्वांत मोठी संहती न्यूनतम रोधक संहतीच्या कितीतरी पट वर नेल्याशिवाय पेप्टाइडला सुरक्षित म्हणू नये. निम्म्या पेशी फोडणारी संहती आणि न्यूनतम रोधक संहती यांचे गुणोत्तर हाच आपला मुख्य आकडा. त्यावर अनुरूपांची क्रमवारी लावावी, केवळ जिवाणूनाशक ताकदीवर लावू नये.

यात चांगले ठरलेले दोन-तीन रेणूच पुढच्या तपासणीला न्यावेत. रेणूची घडण दाखवणाऱ्या वर्तुळीय द्विवर्णतेच्या मापनात २०८ आणि २२२ नॅनोमीटरवर खोलगट भाग दिसला तर सर्पिल आहे. पाण्यात तो नसावा आणि ऋणभारित मेदकणांत यावा, ही आदर्श स्थिती. रंगद्रव्य भरलेले मेदगोल दोन प्रकारचे बनवून, एक जिवाणूसारखे आणि एक कोलेस्टेरॉलयुक्त, गळती मोजली तर निवडकपणा पटलावरच ठरतो की नाही ते दिसते.

मिठाची आणि रक्तद्रवाची परीक्षा

बहुसंख्य धनभारित पेप्टाइडे इथे पडतात. १५० मिलिमोल सोडियम क्लोराइडमध्ये भाराची ओढ झाकली जाते आणि कमी मिठाच्या माध्यमात उत्तम दिसलेला रेणू मंदावतो. रक्तद्रवातली प्रथिने त्याला बांधून ठेवतात, विकरे कापतात. म्हणून न्यूनतम रोधक संहती मीठ आणि २५ टक्के मानवी रक्तद्रव यांच्या उपस्थितीतही मोजावी, आणि वस्तुमान वर्णपटाने पेप्टाइड किती वेळ अखंड राहते ते पाहावे. डी-रूप किंवा वर्तुळाकार रूप यांचे खरे मोल इथे कळते. आघात करण्याआधी जिवाणू काय करू शकतो हेही समजून घ्यावे: स्टॅफिलोकॉकस डीएलटी जनुकांच्या साहाय्याने टायकोइक आम्लांवर डी-ॲलॅनिन चढवतो आणि एमपीआरएफ या विकराने मेदांवर लायसिन जोडतो, दोन्हींमुळे त्याच्या पृष्ठभागाचा ऋणभार घटतो. न्यूनतम रोधक संहतीच्या निम्म्या प्रमाणात पेप्टाइड देत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या जिवाणूंत ती संहती वाढते का, हे पाहिल्यावाचून प्रतिरोध होत नाही असे कधीही लिहू नये.

हा मार्ग शेवटपर्यंत जाऊ शकतो याचा उत्तम दाखला फ्रान्समधल्या रेन शहरातून आला. तिथल्या फेल्डन यांच्या गटाने स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पेपए१ या ३० अवशेषांच्या विषापासून सुरुवात केली. हे विष जिवाणूच्या आत तयार होते आणि एक प्रतिविष आरएनए त्याला एरवी दाबून ठेवतो. ते जिवाणू मारते, माणसाच्या पेशींनाही मारते. गटाने त्याचे छोटे आणि रासायनिकदृष्ट्या बदललेले असे सुमारे २० रेणू घडवले. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्यांतले दोन रेणू औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास यांच्या उंदरांमधील तीव्र संसर्गात उपयोगी पडले आणि उपयोगी पडलेल्या मात्रेच्या १० ते ५० पट मात्राही उंदरांनी सहन केल्या. वीस रेणूंतून दोन, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या आठांत एकही धड निघाला नाही म्हणून आराखडा टाकून देऊ नये.

प्राण्यांकडे जाण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या पेशींवर चाचणी आवर्जून करावी. रक्तपेशी न फोडणारी धनभारित पेप्टाइडेही मूत्रपिंडात साचतात. कोलिस्टिन या पेप्टाइड प्रतिजैविकाचा हा त्रास डॉक्टरांना चांगला परिचित आहे, आणि मुरेपावॅडिन या पेप्टाइडच्या शिरेवाटे देण्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या इजेमुळेच थांबवाव्या लागल्या. ज्या अनुरूपाचे रक्तपेशींचे गुणोत्तर उत्तम आहे पण मूत्रपिंडाच्या पेशींवरचे नाही, त्याला शिरेवाटे देण्याच्या यादीतून काढून त्वचेवर लावण्याच्या मलमासाठी वेगळे ठेवावे, आणि शिरेवाटे देण्याच्या फेरीसाठी कमी भाराचा पुढचा संच पुन्हा सर्पिलचक्रापासून आखायला घ्यावा.